नव्याने बांधलेल्या इंजिनात पहिलं तेल कोणतं घालायचं?

मामांच्या प्रीमियर पद्मिनी गाडीचं इंजिन पहिल्यांदा बांधून घेतलं तेव्हा मी दुकानातलं सगळ्यात महाग तेल उचललं होतं. फुल सिंथेटिक, पातळ ग्रेडचं. बोअर मारला (सिलिंडरची आतली भिंत कापून सरळ केली), नवे पिस्टन आणि रिंगा आल्या, क्रँक ग्राइंड झाला. एवढा खर्च झाल्यावर तेलात कशाला हात आखडायचा, असा साधा हिशेब. संध्याकाळी इंजिन सुरू झालं. मिस्त्रींनी ते स्लोवर सोडून कार्बोरेटर जुळवायला घेतला, आम्ही चहा मागवला. तासभर गाडी जागच्या जागी गुरगुरत होती. नंतर "हजार किलोमीटर चाळीसच्या वर जाऊ नका" ही ताकीद मिळाली आणि मी ती इमानदारीत पाळली. दोन महिन्यांत सायलेन्सरमधून निळा धूर सुरू. पुन्हा हेड उतरवलं तर बोअर आरशासारखे लखलखत होते. मला वाटलं, काय सुरेख गुळगुळीत झालंय! मिस्त्रींचं तोंड मात्र उतरलं होतं.

चूक एकाची नव्हती. तेल मी चुकीचं आणलं, तासभर स्लोवर त्यांनी ठेवलं आणि हजार किलोमीटर जपून मीच चालवलं. मुळात पहिल्या तेलाकडून काय मागायचं हेच आम्हाला ठाऊक नव्हतं. एरवी तेलाने झीज थांबवावी अशी आपली अपेक्षा असते. पहिल्या काही तासांत मात्र रिंगांपाशी थोडीशी झीज व्हायलाच हवी, आणि त्याच वेळी कॅमपाशी, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्यापाशी, अजिबात होता कामा नये. पहिल्या तेलाची सगळी निवड या दोन मागण्यांत अडकलेली आहे.

आत नेमकं काय चालतं

बोअर मारून झाल्यावर मशीन शॉपवाला होनिंग करतो, म्हणजे दगडाने भिंत घासतो. त्याने सिलिंडरच्या भिंतीवर तिरप्या, एकमेकींना छेदणाऱ्या बारीक रेघा उठतात. त्यांची टोकं खरखरीत असतात आणि खाचांमध्ये तेल धरून राहतं. नव्या रिंगा वरखाली होताना ही टोकं घासून सपाट करतात, रिंगांची कडही भिंतीच्या आकाराला जुळते, आणि खाचा तेवढ्या शिल्लक राहतात. आपण "रिंगा बसल्या" म्हणतो ते हेच.

आता रिंग भिंतीवर दाबली कशाने जाते? तिच्या स्वतःच्या ताणाने थोडीशी. खरा जोर येतो तो पेट्रोल पेटल्यावर तयार होणाऱ्या वायूचा. तो वायू रिंगेच्या वरून मागच्या खाचेत शिरतो आणि तिला बाहेर ढकलतो. इंजिनावर लोड असेल तर हा दाब भरपूर. स्लोवर किंवा उतारावर जवळपास नाहीच. म्हणून इंजिन तासभर स्लोवर ठेवलं की रिंगा नुसत्या तेलावरून घसरत राहतात, भिंतीवरचं तेल भाजून तिथे लाखेसारखा थर बसतो आणि खाचा बुजतात. यालाच ग्लेझिंग म्हणतात. मी ज्याला गुळगुळीत म्हणून नावाजलं ते हेच होतं. एकदा ग्लेझ झालं की गाडी कितीही पळवा, रिंगा बसत नाहीत. पुन्हा होनिंग आणि नव्या रिंगा.

होनिंगच्या रेघा जेमतेम काही मायक्रॉन खोल असतात, त्यामुळे रिंगा बसण्याची मुदतही छोटी असते. बरंचसं काम पहिल्या शंभरेक किलोमीटरमध्येच उरकतं. पहिलं तेल चुकलं तर दुसऱ्याने भरपाई होत नाही, ते यामुळे.

आधी आपलं इंजिन ओळखा

तेलाच्या दुकानात जाण्याआधी मिस्त्रींना एक प्रश्न विचारा: कॅम कुठे आहे आणि त्याला काय घासतं?

प्रीमियरच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेल्या पद्मिनीचं १,०८९ सीसीचं इंजिन जुन्या पद्धतीचं आहे. कॅम खाली ब्लॉकमध्ये, त्यावर सपाट तळाचे टॅपेट, मग पुशरॉड आणि वर रॉकर (कॅमची हालचाल व्हॉल्व्हपर्यंत नेणारे भाग). बीएमसी इंजिनाची जुनी ॲम्बेसेडर आणि विलीज बनावटीच्या इंजिनाची जुनी महिंद्रा जीप याच घराण्यातल्या. मुंबईच्या टॅक्सीतून पद्मिनी ऑक्टोबर २०२३ मध्ये निवृत्त झाली, पण हौशी लोकांच्या गॅरेजमध्ये तिची इंजिनं अजून उघडली जातात, आणि नवखे लोक सगळ्यात जास्त फसतात ते या घराण्यात. सपाट टॅपेट आणि कॅमचा लोब (उंचवटा) यांचा संपर्क अगदी अरुंद पट्टीवर असतो. व्हॉल्व्हच्या स्प्रिंगचा सगळा दाब त्या पट्टीवर येतो. नवा कॅम पहिल्या पंधरा-वीस मिनिटांत कामातून जाऊ शकतो. हे भीती घालायला म्हणत नाही, खरंच तेवढा वेळ पुरतो.

मारुती ८०० चं तीन सिलिंडरचं ७९६ सीसी इंजिन वेगळं. कॅम वर हेडमध्ये आणि त्यावर रॉकर घासतात. घासण्याचा प्रकार इथेही आहे, पण कॅमला वरच्या वर तेल मिळतं, त्यामुळे धोका बराच कमी. पुढच्या काळातल्या रोलर रॉकरच्या इंजिनांमध्ये तर घासण्याऐवजी चाक फिरतं, तिथे कॅमची काळजी जवळपास सोडून द्या.

कॅम आणि टॅपेट जुनेच परत बसवलेत का, हेही विचारून घ्या. जुने असतील तर प्रत्येक टॅपेट ज्या लोबवर होता त्याच लोबवर गेला पाहिजे, कारण दोघं एकमेकांना झिजून जुळलेले असतात. नवा कॅम घातला असेल तर टॅपेटही नवेच. जुन्या टॅपेटवर नवा कॅम ही काटकसर सरळ कॅमच्या जिवावर बेतते.

डबा वाचायचा कसा

मिनरल की सिंथेटिक, यावर चहाच्या टपरीवर तासभर वाद रंगू शकतो. माझं मत: बांधलेल्या इंजिनात पहिलं तेल मिनरल घाला. "सिंथेटिकवर रिंगा बसतच नाहीत" हे मात्र मी म्हणणार नाही, कारण ते खरं नाही. शेव्हरोलेची कॉर्व्हेट १९९२ पासून कारखान्यातूनच सिंथेटिक तेल घालून बाहेर पडते आणि तिच्या रिंगा व्यवस्थित बसतात. पण त्या कारखान्यात प्रत्येक बोअरचा पृष्ठभाग मोजलेला असतो आणि होनिंगची खरखरीत टोकं तिथेच आधी कापून टाकलेली असतात. आपल्या मशीन शॉपमध्ये होनिंगचा दगड किती झिजलाय, कितव्या नंबरचा आहे, यावर सगळं अवलंबून. अशा वेळी मिनरल तेल जरा जास्त सवलत देतं. शिवाय हे तेल दोन-तीनदा फेकून द्यायचं आहे. महागडं कशाला फेका?

दुसरी गोष्ट ग्रेड. रनिंग-इनसाठी (नवं इंजिन रुळण्याच्या पहिल्या काळासाठी) वेगळा जाड ग्रेड लागतो ही समजूत जुनी आहे आणि चुकीची. गाडीच्या पुस्तकात आपल्या हवामानाला जो ग्रेड सांगितलाय तोच घ्यायचा. पद्मिनीसारख्या इंजिनाला आपल्याकडच्या उन्हाळ्यात २०डब्ल्यू४० किंवा २०डब्ल्यू५०. बांधताना बेअरिंगचा क्लिअरन्स (मोकळी जागा) किती ठेवलाय ते विचारा. जुना ठोकताळा असा: जर्नलचा (क्रँकच्या बेअरिंगमध्ये फिरणाऱ्या भागाचा) व्यास जितके इंच, तितके थाव (इंचाचे हजारावे भाग). म्हणजे दोन इंचाला दोन थाव, साधारण ०.०५ मिलिमीटर. त्याच्या आसपास असेल तर २०डब्ल्यू४० पुरतं. क्लिअरन्स सैल राहिला असेल तर ५० वर जा. विचारल्यावर "बरोबर ठेवलाय हो" एवढंच उत्तर आलं, तर तो मोजलेला नाही असं समजा. प्लास्टिगेजची (क्लिअरन्स मोजायच्या मऊ प्लास्टिकची) एक पट्टी बेअरिंगमध्ये चिरडून बघायला पाच मिनिटं लागतात.

अलीकडच्या पेट्रोल इंजिनांना हा जाड ग्रेड चालत नाही. त्यांचे क्लिअरन्स घट्ट असतात, व्हॉल्व्ह टायमिंग बदलणारी यंत्रणा तेलाच्याच दाबावर चालते. पुस्तकात ५डब्ल्यू३० लिहिलं असेल तर ५डब्ल्यू३०च शोधा, मग ते मिनरल मिळालं नाही तरी हरकत नाही. डीपीएफ (काजळी गाळणारा फिल्टर) असलेल्या बीएस-६ डिझेलला तर या लेखातला एकही सल्ला लावू नका. तिथे कंपनीने सांगितलेलं कमी राखेचं तेल, एवढाच नियम.

आता खरी गंमत, म्हणजे झिंक. तेलात झेडडीडीपी नावाचं एक रसायन घालतात. त्यात झिंक, फॉस्फरस आणि गंधक असतं. दाबाखाली आणि उष्णतेने ते धातूवर एक पातळ पापुद्रा तयार करतं. लोब आणि टॅपेटच्या मधून तेल पिळून निघालं तरी हा पापुद्रा झिजतो आणि धातू वाचतो. सपाट टॅपेटच्या नव्या कॅमला पहिल्या वीस मिनिटांत यानेच तारायचं असतं.

मग हे तेलातून कमी का केलं? त्यातला फॉस्फरस जळून कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला (धूर स्वच्छ करणाऱ्या भागाला) जाऊन बसतो आणि त्याला निकामी करतो. आपल्याकडे चार महानगरांतल्या नव्या पेट्रोल गाड्यांना कन्व्हर्टर सक्तीचा झाला १९९५ मध्ये. पद्मिनीचं इंजिन त्याच्या कितीतरी आधीच्या जगातलं. तेलाच्या एपीआय (अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूट) दर्जात हा बदल टप्प्याटप्प्याने आला. २००१ च्या एसएल दर्जात पातळ ग्रेडना फॉस्फरसची मर्यादा १,००० पीपीएम (दहा लाखांत हजार भाग) होती. २००४ च्या एसएममध्ये ती ८०० वर आली आणि पुढे एसएन, एसपीमध्येही तशीच राहिली.

इथे एक बारकावा आहे आणि तो बऱ्याच जणांना माहीत नसतो. ८०० ची ही मर्यादा ५डब्ल्यू३०, १०डब्ल्यू३० यांसारख्या पातळ, इंधन वाचवणाऱ्या ग्रेडनाच लागू आहे. १५डब्ल्यू४० किंवा २०डब्ल्यू५० वर ती सक्ती नाही. त्यामुळे "नवीन एसएन तेल म्हणजे झिंक गेलं" असं सरसकट म्हणता येत नाही. जाड ग्रेडच्या साध्या मिनरल तेलात झिंक अजूनही बऱ्यापैकी असू शकतं. खात्री मात्र डब्यावरून होत नाही. कंपनीच्या माहितीपत्रकात झिंक किंवा फॉस्फरसचा आकडा दिला असेल तर तो बघा. सपाट टॅपेटच्या पहिल्या भरणीसाठी मी १,००० ते १,४०० पीपीएम फॉस्फरसच्या दरम्यान राहतो.

हे तेल आपल्याकडे कुठे मिळणार? खास रनिंग-इनची तेलं बनतात. ब्रिटनच्या मिलर्सचं, ऑस्ट्रेलियाच्या पेनराइटचं, अमेरिकेच्या ड्रिव्हनचं. त्यांत झिंक जास्त, डिटर्जंट कमी आणि घर्षण कमी करणारी रसायनं नसतात. परदेशात राहून तिथली जुनी गाडी बांधत असाल तर सरळ तेच घ्या, पुढची कसरत वाचेल. इथे ती सहज मिळत नाहीत आणि मागवून आणली तर खिशाला जड जातात.

मिळणाऱ्यांतून निवडायचं तर माझी पहिली पसंती साध्या मिनरल २०डब्ल्यू५० पेट्रोल तेलाला. सर्व्हो, मॅक, एचपी किंवा कुठल्याही नावाजलेल्या कंपनीचं, खात्रीच्या दुकानातून, सील बघून. दुसरी पसंती १५डब्ल्यू४० च्या डिझेल तेलाला, ज्यावर सीआय-४ आणि शेजारी एसएल असे दोन्ही दर्जे छापलेत. ट्रकच्या या तेलांत झिंक चांगलं असतं. खोट एवढीच की त्यांत काजळी धरून ठेवणारी डिटर्जंटही भरपूर असतात, आणि डिटर्जंट धातूवर जागा पकडताना झिंकशी स्पर्धा करतात. म्हणून दुसरी पसंती. तिसरा पर्याय ऐकायला विचित्र वाटेल: जासो एमए (जपानी दर्जा) लिहिलेलं मोटरसायकलचं मिनरल तेल. बाइकमध्ये क्लच त्याच तेलात भिजतो, त्यामुळे त्यात घर्षण कमी करणारी रसायनं चालत नाहीत, आणि फॉस्फरसही ८०० ते १,२०० पीपीएमच्या पट्ट्यात ठेवावा लागतो. आपल्याला जे हवं तेच. फक्त जासो एमबी लिहिलेलं उचलू नका, ते गिअरलेस स्कूटरचं आणि घर्षण कमी करणारं.

मारुती ८०० साठी एवढा विचार लागत नाही. पुस्तकातल्या ग्रेडचं साधं मिनरल, बस्स.

घालायचं नाही ते थोडक्यात. "इंजिन नवं करा" छापाच्या बाटल्या, ग्राफाइट, टेफ्लॉन, काहीही नको. जी गोष्ट घर्षण कमी करायला बनवली आहे ती रिंगा बसू देणार नाही. झिंकची वेगळी बाटली मिळते, पण तेलात आधीच पुरेसं असेल तर वरून ओतून फायदा नाही. प्रमाणाबाहेर गेलं तर उलट त्रास होतो. आणि मागच्या वेळचं उरलेलं अर्धं तेल वापरायची हौसही नको. उघड्या डब्यात पावसाळ्याची ओल शिरते.

बांधतानाच ठरणाऱ्या गोष्टी

तेल कितीही अचूक निवडलं तरी बोअर मळका असेल तर सगळं वाया. होनिंगच्या दगडाची पूड भिंतीच्या खाचांत रुतून बसते. आपल्याकडे ब्लॉक डिझेलने किंवा रॉकेलने धुतात. त्याने तेलकटपणा जातो, पूड जात नाही. गरम पाणी, भांड्यांचा साबण आणि ताठ ब्रश. पांढरं फडकं तेलात बुडवून भिंतीवर फिरवा. राखाडी निघालं की पुन्हा धुवा. तिसऱ्या-चौथ्या वेळी फडकं स्वच्छ निघतं. लगेच कोरडं करून तेलाचा हात फिरवा, नाहीतर पुण्याच्या कोरड्या हवेतही तासाभरात गंज चढतो, कोकणात तर विचारूच नका. गॅरेजमध्ये हा हट्ट धरलात की हसतील. हसू द्या. मी आता हे काम स्वतः करतो.

बसवताना जागेजागेला वेगळं वंगण लागतं. कॅमच्या लोबवर आणि टॅपेटच्या तळाला काळी मॉली (मॉलिब्डेनमची) पेस्ट, चांगली जाड. बेअरिंगना असेंब्ली लूब किंवा चक्क तेच इंजिन तेल. रिंगा आणि बोअरला मात्र फक्त पातळ हाताने साधं इंजिन तेल. मॉली पेस्टचा हात तसाच पिस्टनला लागू देऊ नका.

पहिला स्टार्ट

इंजिन पहिल्याच चावीला लागलं पाहिजे, अशी तयारी करा. टायमिंग आधीच बसवलेलं, कार्बोरेटरच्या वाटीत पेट्रोल भरलेलं, रेडिएटर भरून हवा काढलेली, टॅपेट क्लिअरन्स मोजलेला, बॅटरी चार्ज. नाहीतर स्टार्टर मारत बसावं लागतं आणि तेवढ्यात लोबवरची पेस्ट पुसली जाते.

आधी तेलाचा दाब तयार करायचा. फिल्टर उभा बसत असेल तर तो तेलाने भरूनच लावा. गेज पट्टीच्या वरच्या खुणेपर्यंत तेल घाला. सगळे प्लग काढा, इग्निशन कॉइलची वायर सोडवा आणि स्टार्टर दहा-दहा सेकंद मारा, मध्ये अर्धा मिनिट थांबा. प्लग नसल्यामुळे बेअरिंगवर जोर येत नाही. डॅशबोर्डवरचा तेलाचा लाल दिवा विझला की पंपाने तेल ओढलं. पाच-सहा वेळा मारूनही विझला नाही तर थांबा आणि कारण शोधा.

आता प्लग लावा आणि सुरू करा. सपाट टॅपेटवाल्या इंजिनाला लगेच दोन हजार आरपीएमवर घ्या. स्लोवर येऊ देऊ नका. कारण असं की या इंजिनात कॅमच्या लोबला तेल मिळतं ते मुख्यतः खाली फिरणाऱ्या क्रँकने उडवलेल्या थेंबांतून, आणि स्लोवर ते उडत नाहीत. वीस ते तीस मिनिटं, १,५०० ते २,५०० च्या मध्ये रेस हळूहळू वरखाली करत राहा. पद्मिनीला आरपीएमचा काटा नाही, तेव्हा जोडायचा टॅकोमीटर कुणाकडून तरी मागून आणा. एक माणूस गळती बघायला, एक तापमान बघायला. समोर टेबलफॅन लावला तर उत्तम. काही गळलं किंवा तापलं तर इंजिन सरळ बंद करा, दुरुस्त करा आणि उरलेली मिनिटं पूर्ण करा. स्लोवर ठेवून "जरा बघू" नको. कार्बोरेटरचं बारीक जुळवणं नंतर कधीही होतं. आमची पहिली चूक तिथेच झाली होती.

ज्यांचा कॅम वर आहे त्यांना ही अर्धा तासाची कसरत नको, उलट ती रिंगांच्या वाईटावर. दोन-तीन मिनिटांत गळती, तेलाचा दाब आणि पाणी बघा आणि गाडी रस्त्यावर काढा.

सपाट टॅपेटवाल्यांनी मात्र रस्त्यावर जाण्याआधी हे पहिलं तेल आणि फिल्टर बदलायचा. हो, अर्ध्या तासातच. त्यात मॉली पेस्ट, कॅमचा कीस आणि धुऊनही राहिलेली पूड असते. जीव चुटपुटतो, मला माहीत आहे. मिनरल घेतलं म्हणून तर हे परवडतं.

रस्त्यावर

गर्दी नसलेला, हलके चढउतार असलेला रस्ता निवडा. दहा-पंधरा मिनिटं साधी चालवून इंजिन तापू द्या. मग तिसऱ्या गिअरमध्ये ताशी ३० वरून ६० पर्यंत ॲक्सिलरेटर अर्ध्याहून जास्त दाबून घ्या आणि पाय पूर्ण उचला. गाडी गिअरमध्येच ३० पर्यंत येऊ द्या. दाबताना वायूचा दाब रिंगांना भिंतीवर टेकवतो. सोडल्यावर सिलिंडरमध्ये पोकळी होऊन तेल वर ओढलं जातं आणि घासून निघालेला कीस धुतो. असं दहा-बारा वेळा. मग घरी.

पहिल्या ५०० किलोमीटरमध्ये वेग सतत बदलता ठेवा. एक्स्प्रेसवेवर एकाच वेगाने दोन तास नको, चार माणसं आणि डिकीभर सामान घेऊन खंबाटकी चढणं नको, ट्रॅफिकमध्ये तासभर उभं राहणंही नको. पण जपून जपून चाळीसने चालवणं हा यातला सगळ्यात नुकसानीचा प्रकार आहे. गाड्यांच्या मागच्या काचेवर "रनिंग इन" ची चिठ्ठी लावून रांगत जायची पद्धत होती ती वेगळ्या धातूंच्या, वेगळ्या तेलांच्या काळातली. मिस्त्रींचा सल्ला चुकीच्या हेतूने नव्हता, जुना होता.

तेल कधी बदलायचं, आणि काढलेल्या तेलात काय बघायचं

माझा क्रम असा: कॅमच्या अर्ध्या तासानंतर एकदा (फक्त सपाट टॅपेटला), ५०० किलोमीटरवर एकदा, १,५०० वर एकदा. प्रत्येक वेळी फिल्टरही नवा. ५०० च्या वेळी टॅपेट क्लिअरन्स पुन्हा बघा, हेडचे बोल्ट परत आवळायचे असतील तर तेही पुस्तकाप्रमाणे तेव्हाच.

काढलेलं तेल स्वच्छ पसरट भांड्यात घ्या आणि उन्हात धरा. अगदी बारीक, चंदेरी झाक ही पहिल्या वेळी असतेच. तोच रिंगांचा आणि भिंतीचा कीस. फिल्टर पत्र्याच्या कात्रीने कापून कागदाच्या घड्या उलगडा. प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं लोहचुंबक फिरवा. बोटांत घासल्यावर जाणवणार नाही इतकी बारीक भुकटी चिकटली तर ठीक. नखाने उचलता येतील असे लोखंडाचे कण दिसले तर कॅम आणि टॅपेट तपासा. चुंबकाला न चिकटणारे तांब्याच्या किंवा पितळी रंगाचे कण म्हणजे बेअरिंग किंवा बुश. तेव्हा गाडी चालवू नका, उघडा. ५०० ला झाक कमी आणि १,५०० ला जवळपास नाही, असं व्हायला हवं. जळकं तेल गटारात जाऊ नये. डब्यात भरून ठेवा आणि जुनं तेल घेणाऱ्या अधिकृत माणसालाच द्या.

रिंगा बसल्याची खूण साधी आहे. इंजिन गरम असताना तेल भरायचं झाकण काढा. सुरुवातीला हाताला जोराची वाफ लागते, मिस्त्री ज्याला बॅक कॉम्प्रेशन म्हणतात ती. ती कमी होत जाते. गेज पट्टीवरची पातळी दर शंभर किलोमीटरला वहीत लिहा. सुरुवातीला थोडं तेल कमी होईल, मग पातळी एका जागी थांबेल. थांबली की मारुतीसारख्या इंजिनात हवं तर सेमी किंवा फुल सिंथेटिक घाला. मी तरीही ३,००० किलोमीटरपर्यंत वाट बघतो. पद्मिनीत मात्र पुढेही झिंकवालं २०डब्ल्यू५०च चालू ठेवा. तिच्या टॅपेटना ते जन्मभर लागणार आहे.

तीन हजार होऊनही पातळी उतरतच राहिली तर लगेच रिंगांना दोष देऊ नका. धूर केव्हा येतो ते मागून येणाऱ्या कुणाला तरी बघायला सांगा. चढावर ॲक्सिलरेटर दाबल्यावर निळा येत असेल तर रिंगा. लांब उतारावर पाय उचलून मग पुन्हा दाबताच भपकन येत असेल, किंवा रात्रभर उभी गाडी सकाळी सुरू करताना एकदाच येत असेल, तर बहुधा व्हॉल्व्हचे गाइड आणि त्यांचे सील. मग हेड उतरवावं लागेल, पण ब्लॉकला हात लावायची गरज नाही.